चार जणांना चार कारणं सांगणारी मुलगी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सातवीत आहे. जूनपासून आई, आजी आणि दोन्ही मुलं शिक्षणासाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहतात, वडील गारगोटीकडे गावी राहून शेती बघतात. दिवाळीनंतर मुलगी गप्प गप्प झाली आहे, लगेच चिडते, शाळेच्या वेळेला पोट धरून बसते. आईनं विचारलं की म्हणते, "काय नाही." आजीला सांगते, "पोटात दुखतंय." मैत्रिणीला म्हणाली, "मला एंग्झायटी आहे." आणि वहीच्या शेवटच्या पानावर आईला एक ओळ दिसली, "मी सगळ्यांना नकोशी आहे." या वयाच्या मुलांना स्वतःच्या मनातलं नेमकं किती कळतं आणि या चारांतलं खरं कुठलं धरायचं, असं आईनं विचारलं आहे.

ताई, आधी त्या ओळीबद्दल बोलू. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. असं लिहिणाऱ्या पुष्कळ मुलींच्या मनात मरणाचा विचार नसतो. पण ते आपण अंदाजानं ठरवायचं नाही, विचारायचं. घरात दोघीच असताना सांगा, "तुझ्या वहीतली ओळ मी वाचली. वाचल्यापासून तुझी काळजी वाटतेय." वही कशी हातात आली ते खरं असेल तेच सांगा. आणि मग विचारा, "असं वाटतं तेव्हा आपण जगूच नये, असंही मनात येतं का?" थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटल्यासारखी बोलतात. उत्तर "हो" आलं, किंवा हातावर-मांडीवर ओरखडे, कापल्याच्या खुणा दिसल्या, तर तिला एकटी ठेवू नका. घरातल्या गोळ्या आणि गावच्या घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात गेली पाहिजेत. आणि त्याच दिवशी सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे तिला घेऊन जा. रात्रीची वेळ असली तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

उत्तर "नाही" आलं असेल तर पुढचं सावकाश वाचा.

चारांतलं खरं कुठलं? माझ्या मते चारही. ती खोटं बोलत नाही आणि तुम्हाला खेळवतही नाही. आपल्याला काहीतरी होतंय एवढं तिला पक्कं कळलंय. कशामुळे होतंय, हे ती अजून शोधते आहे. शोधता शोधता ज्याच्याकडे जे ऐकून घेतलं जाईल, त्याला ती तेवढंच सांगते. आजीला पोटदुखी सांगितली की ओवा मिळतो, पाठीवरून हात फिरतो. मैत्रिणीला "एंग्झायटी" म्हटलं की ती हसत नाही, गंभीर होते. तुमच्याकडे "काय नाही" म्हटलं की विषय मिटतो. घर सांभाळताना आईची किती ओढाताण होते, हे सातवीतल्या मुलीला चांगलं दिसत असतं. वहीकडून मात्र उत्तर येण्याची भीती नाही. म्हणून सगळ्यात कठोर वाक्य वहीत उतरलं.

मी कोल्हापुरात आधी शाळांमधून आणि आता स्वतःच्या केंद्रात, बरीच वर्षं अकरा ते चौदा वयाच्या मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. पुढे ज्या मुलांबद्दल लिहिलंय त्यांचे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या वयाबद्दल माझं एक मत पक्कं झालं आहे. मुलाला काय होतंय हे तर बघायचंच, पण ते कशामुळे होतंय असं ते मूल स्वतः धरून चाललंय, ते आधी बघायचं. दोन मुलींना सारखंच रडू येतं. एकीला वाटतं, शाळा बदलली म्हणून होतंय. दुसरीला वाटतं, मीच तसली आहे. पहिली आज ना उद्या कुणाजवळ तरी बोलते. दुसरी बोलत नाही, कारण तिच्या लेखी यात सांगण्यासारखं काही नसतंच. आपला स्वभावच असा म्हटल्यावर मदत कशाची मागायची?

आणि याच वयात हे "मीच तसली" फार जोरानं सुरू होतं. आठ-नऊ वर्षांचं मूल रडण्याचं कारण बोटानं दाखवतं, दादानं ढकललं, कंपास हरवली. अकराच्या आसपास विचार करण्याची रीतच पालटते. मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी अमूर्त विचारांची सुरुवात याच वयाला धरली आहे. जे डोळ्यांसमोर नाही त्याचा विचार जमायला लागतो, आणि त्यात सगळ्यात आधी स्वतःचाच विचार येतो. मी कशी आहे, लोक मला काय समजतात, मी दुसऱ्यांसारखी का नाही. १९६७ मध्ये डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं असं मांडलं की या वयाच्या मुलांना आपण सतत कुणाच्या तरी नजरेसमोर आहोत असं वाटत राहतं. बाईंनी एक वाक्य बोललं तर घरी येऊन मुलगी सांगते, "अख्खा वर्ग माझ्याकडंच बघत होता." वर्गानं कदाचित मान वरही केली नसेल. तिला मात्र ते खोटं वाटत नसतं. स्वतःकडे बाहेरून बघण्याची ताकद आली, पण दिसलेल्यात आपला दोष किती आणि परिस्थितीचा वाटा किती, हे तोलायला लागणारा अनुभव अजून गाठीशी नाही. मग सगळा हिशेब स्वतःच्या नावावर जमा होतो.

"काय नाही", "माहीत नाही" या उत्तरांबद्दलही इथंच सांगते, कारण आयांना त्यांचाच जास्त राग येतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ५ ते २५ वर्षं वयाच्या मुलामाणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला आत्ता नेमकं काय वाटतंय, राग, भीती, दुःख की लाज, हे वेगवेगळं करून सांगणं लहान मुलांना आणि मोठ्यांना जेवढं जमतं, तेवढं मधल्या वयात जमत नाही, असं त्यात आढळलं. लहान मुलं एका वेळी एकच भावना सांगतात. किशोरवयात एकाच वेळी तीन-चार वाटायला लागतात आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. तेव्हा तुमची मुलगी "माहीत नाही" म्हणते ते पुष्कळदा अगदी प्रामाणिक उत्तर असतं.

आता हे "मीच तसली" येतं कुठून? आपल्याकडूनच येतं. आपण वाईट हेतूनं म्हणत नाही, पण दिवसभर म्हणत असतो. बापासारखी रागीट. कामाचा कंटाळा लई हिला. नाजूकच आहे पहिल्यापासून. पोरगा असला तर "तालमीत घाला, डोकं ताळ्यावर येईल." मुलं ही वाक्यं साठवून ठेवतात आणि काही बिनसलं की कारण म्हणून तीच बाहेर काढतात.

पेठेतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. आठवीत, फुटबॉल चांगला खेळायचा. वर्गातल्या एकाचा ओठ फोडला म्हणून शाळेनं पाठवला होता. मी विचारलं, तुला काय वाटतं, असं कशामुळं होतंय? त्यानं क्षणभरही विचार न करता सांगितलं, "आमच्या घरात समद्यांचं रक्तच गरम हाय. आज्जापण असाच हुता." सांगताना चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता. मी ते खोडलं नाही. वहीचा कागद आडवा धरून वारांचे रकाने पाडले आणि त्याला रोज तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. भांडण झालं का, आदल्या रात्री झोप किती वाजता लागली आणि सकाळी काय खाल्लं. निळ्या पेनानं, कागद फाटेल इतका दाबून तो लिहायचा. पुढच्या खेपेला आम्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. भांडणाच्या प्रत्येक दिवशी आदल्या रात्रीच्या रकान्यात एक नाहीतर दीड वाजल्याचं लिहिलेलं. त्या रात्री काय होतं, म्हटल्यावर कळलं की वडील आणि चुलते वाटणीवरून सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बसून भांडायचे आणि हा झोपायचा सोप्यातच. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे मला राग न्हाई येत, मला झोप न्हाई येत."

हे मी त्याला सांगितलं असतं तर त्यानं मान हलवली असती आणि घरी जाऊन विसरला असता. स्वतःच्या हातानं लिहिलेल्या कागदावर त्याला ते दिसलं. तो आज्जीच्या खोलीत झोपायला लागला. भांडणं एकदम थांबली नाहीत. पण सरावाला आल्यावर तो खेळाच्या सरांना आधीच सांगायला लागला की काल झोपलो नाही. गरम रक्तावर त्याच्याकडे काही इलाज नव्हता, झोपेवर होता.

कधी कधी कारण मनातही नसतं. एक मुलगी स्वतःला "आळशी" म्हणायची, घरचेही तेच म्हणायचे. जिना चढली की बसायची, अभ्यासाला बसली की डोळे मिटायचे, कुणी हाक मारली की अंगावर यायची. पाळी सुरू होऊन काही महिने झाले होते आणि रक्तस्राव खूप व्हायचा. हिमोग्लोबिन तपासलं तर फारच कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. म्हणून गप्प, थकलेल्या, चिडक्या मुलीला माझ्याकडे आणलं की मी आधी ही तपासणी झाली का विचारते, जोडीला थायरॉइडचंही डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगते. तुमच्या मुलीचीही करून घ्या.

तेच पोटदुखीचं. शाळेच्या दिवशी दुखतं, रविवारी दुखत नाही, म्हणजे नाटक, असा निष्कर्ष घरात फार लवकर निघतो. भीतीनं आणि ताणानं पोटात खरोखर दुखतं. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंवाटे निरोपांची सतत देवाणघेवाण चालू असते आणि मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते. मूल कळ सोसत असतं आणि आपण त्याला खोटं ठरवतो. पण म्हणून तपासणी टाळायची नाही. बालरोगतज्ज्ञांना एकदा नीट दाखवा. वजन उतरत असेल, दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येत असेल, ताप, सारख्या उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर ते मनाचं म्हणून सोडून देऊ नका. काही निघालं नाही तर "डॉक्टर म्हणाले काही नाही, आता ऊठ" असं म्हणू नका. "आजार नाही हे बरं झालं. दुखतंय तर आहेच. कशानं दुखतं ते आपण शोधू" एवढं म्हणा. आजीचा ओवा चालू राहू द्या. मुलगी ज्या भाषेत मदत मागतेय त्याच भाषेत आजी ती देते आहे.

"एंग्झायटी"बद्दल. आता हे शब्द मुलांना रीलमधून मिळतात. डिप्रेशन, ट्रॉमा, ओव्हरथिंकिंग, पॅनिक अटॅक. पालक दोनच प्रकारे वागतात. एक तर "तुला कसलं आलंय डिप्रेशन, आम्ही काय काय सोसलंय" म्हणतात, नाहीतर घाबरून मुलाला लगेच रुग्ण करून टाकतात. दोन्हीनं मुलाचा शोध थांबतो. माझ्या मते या शब्दात चांगलं एवढंच आहे की मुलीनं दोष स्वतःच्या स्वभावावरून काढून दुसरीकडे ठेवला. मैत्रिणीशी बोलायला तिला त्यानं वाट मिळाली. पण शब्द मिळाला की कारण शोधायचं राहून जातं. "मला एंग्झायटी आहे म्हणून मी शाळेत बोलत नाही" असं म्हटलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, सुटलेला काही नसतो. दोन मानसशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये अशी शक्यता मांडली की मानसिक आजारांबद्दलची सततची चर्चा काही जणांना रोजच्या साध्या त्रासालाही आजार समजायला लावते आणि त्यानं त्रास वाढतो. ते अजून गृहीतक आहे. माझा सल्ला साधा आहे. शब्द खरा की खोटा यावर वाद घालू नका, त्याच्या आत शिरा. "एंग्झायटी येते तेव्हा काय काय होतं? कुठं येते? तेव्हा तुझ्याजवळ कोण असतं?" एवढं विचारलंत की शब्द बाजूला राहतो आणि मुलगी वर्ग, बाक, तास, माणसं यांबद्दल बोलायला लागते.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता येऊन गेलंय आणि माझं लक्ष तिथंच अडकलं. जूनपासून कोल्हापुरात आलोय. तुम्ही ते पत्ता सांगावा तसं सांगितलंय. तुमच्या मुलीनं तर चौघांपैकी कुणालाच ते सांगितलेलं नाही. मुलं जवळची, छोटी कारणं सांगतात. मैत्रीण बोलली नाही, बाई ओरडल्या. मोठी कारणं सांगत नाहीत, कारण ती त्यांना कारणं वाटतच नाहीत. घर ज्या गोष्टीला "आता झालं ते झालं" म्हणून मिटवतं, ती मुलाच्याही हिशेबातून निघून जाते.

पंचगंगेकाठच्या एका गावातली मुलगी मागे आली होती. घरचे म्हणायचे तिला मोबाईलचं व्यसन लागलंय, रात्री दोन वाजता उठून आईचा फोन घेते. ती स्वतःही हेच सांगायची, "मला व्यसन लागलंय." फोनवर काय बघतेस म्हटल्यावर तिनं दप्तरातून वही काढली. शेवटच्या पानावर नुसते आकडे. ३१, ३३ आणि काही इंच, ३६. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. कोल्हापुरात सगळ्यांना पाठ असतं, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. तेव्हा ही बालवाडीत होती. रात्री नावेतून बाहेर काढली होती आणि गोठ्यातली म्हैस सोडायची राहिली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा घर सोडावं लागलं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, तिला त्रास होऊ नये म्हणूनच बोलत नव्हतं. त्यामुळे पाऊस लागला की रात्री जाग का येते, याचं तिच्याकडे एकच कारण शिल्लक राहिलं होतं, मी बिघडलेय. घरच्यांनी मग ठरवलं की पावसाळ्यात रात्री नऊला बाबा आकडा बघून सगळ्यांना मोठ्यानं सांगतील, आणि इशारा पातळीच्या आधीच जनावरं कुठं हलवायची हेही तिच्यासमोर बोलून ठेवलं. फोन हळूहळू सुटला.

तुमच्या मुलीचं गाव सुटलं, वडील आठवड्याला भेटणार, जुन्या मैत्रिणी गेल्या. गावच्या शाळेतून शहरातल्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी नेहमी विचारते, ती म्हणजे शाळा सेमी इंग्रजी आहे का. गणित-विज्ञान एकाएकी इंग्रजीतून आलं की गावात पहिली येणारी मुलगी इथं तास समजत नाही म्हणून गप्प बसते. सहामाहीचा निकाल दिवाळीच्या सुमाराला लागतो. दिवाळीनंतर बदल दिसला असं तुम्ही लिहिलंय. मी इथं बसून निदान करत नाही, पण तिच्या उत्तरपत्रिका आणि पेपर हातात आल्यावरचे दिवस आठवून बघा. त्यातच, ज्या मुलीच्या शिक्षणासाठी सगळं घर दोन ठिकाणी विभागलं गेलंय, तिला कमी गुण पडले की "मी सगळ्यांना नकोशी" या वाक्यापर्यंत पोचायला फार अंतर लागत नाही. सगळ्यांच्या त्रासाला मीच कारण, असा तो हिशेब असतो.

विचारायचं कसं, हे आता सांगते, कारण पुष्कळ घरांत सगळं इथंच फिसकटतं. "का" हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. "का रडतेस", "का जात नाहीस" यात मुलांना आरोप ऐकू येतो. केव्हा, कुठं, कोण होतं, आधी काय झालं, हे विचारा. समोरासमोर बसवून विचारू नका. क्लासवरून आणताना गाडीवर मागे बसलेली असते तेव्हा, भाकऱ्या करताना, संध्याकाळी रंकाळ्यावर चालताना. तोंडाकडे बघावं लागत नाही तिथं मुलं बोलतात. आणि मग एकदाच, सहज, "तुला काय वाटतं, हे सगळं कशामुळं होत असेल?" जे उत्तर येईल ते ऐकून घ्या. "मीच तसली आहे" असं म्हणाली तरी "छे, असं काही नाही" म्हणायची घाई करू नका. आपण समजूत घालायला गेलो की ती गप्प होते. "असं कधीपासून वाटतंय?" म्हणा. दिवस, प्रसंग, माणसं सांगायला लागेल. पुष्कळ दिवसांनी, तिच्या कारणाशेजारी आपलं कारण ठेवा. "आपण गावाकडून आलो, त्याचाही काही भाग असेल का गं यात?" ती नाही म्हणाली तरी ते तिच्याकडे राहतं.

तिच्या वडिलांनाही यात घ्या. रोज रात्रीच्या फोनवर "अभ्यास झाला का" याऐवजी त्यांनी गोठ्यातलं, शिवारातलं, तिच्या मैत्रिणींचं काही सांगावं. आपलं घर अजून आपलं आहे हे तिला कळायला हवं.

घरातली मोठी माणसं आणखी एक कारण सुचवतील, नजर लागली. आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली तर माझी काही हरकत नाही, त्यात मायाच असते. पण "हिला बाहेरचं काहीतरी झालंय" असं मुलीसमोर बोलू देऊ नका आणि कुणा देवऋषाकडे नेऊ देऊ नका. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या मुलीला आपल्या अंगात काहीतरी शिरलंय हे कारण दिलं तर ती कायमची घाबरते. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, कोंडणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

वर्गशिक्षिकेला भेटा, पण मुलीला सांगून भेटा. ती वर्गात कुणाशेजारी बसते, मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाते, कुठल्या तासाला गप्प असते, एवढंच विचारा. शाळेत कुणी छळतंय, चिडवतंय, भाषेवरून हसतंय का, हेही बघायला सांगा. मात्र शिक्षिकेनंच तिला विश्वासात घेऊन बोलतं करावं, असा आग्रह धरू नका. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात नववीच्या मुलांसाठी शाळेचं वातावरण सुधारण्याचा एक कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी आणि काही शाळांत त्यासाठी नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी राबवला होता. समुपदेशक होते तिथं मुलांची उदासी आणि आपसातली दमदाटी कमी झाली. शिक्षकांनी राबवला तिथं फरक दिसला नाही. माझ्या अनुभवाशी ते जुळतं. जी व्यक्ती गुण देते, तिच्यापुढं मूल मन उघडत नाही, व्यक्ती कितीही चांगली असो.

शाळा पूर्ण बंद करू नका. दोन-चार दिवस घरी राहिली की पोट थांबतं आणि शाळेची भीती दुप्पट होते. उशिरा गेली तरी चालेल, सुरुवातीला अर्धा दिवस चालेल, पण रोज जाऊ द्या.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासपणा किंवा चिडचिड बहुतेक दिवस टिकली, झोप-भूक बदलली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, शाळा बुडायला लागली, तर घरच्या घरी थांबू नका. तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्या रेषेवर आहात, म्हणून मी तर भेट ठरवाच म्हणेन. खासगी परवडत नसेल तर सीपीआर आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक भेटतात. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांमध्ये जगभरात सातातल्या एकाला काही ना काही मानसिक आजार असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या मुलीच्या वर्गातलीही काही मुलं त्यात असतील. हे तिला सांगायला हरकत नाही, फक्त "तुझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यात काय" अशा सुरात नको.

भेटीला जाताना मुलीला सांगा की तिथं तिच्याशी एकटीशी बोलतील. मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगते, तू बोलशील ते तुझ्या परवानगीशिवाय आईबाबांना सांगणार नाही. दोन गोष्टी सोडून. तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि कुणी तुला नको तसा हात लावला, त्रास दिला असेल तर. दुसऱ्या बाबतीत पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. एवढं स्पष्ट केलं की मुलं आपलं आपण ठरवतात, कधी बोलायचं ते.

आणि तुम्ही मला विचारलेली ती चार कारणं एका कागदावर लिहून न्या, कुणाला काय सांगितलं तशीच. जूनमध्ये काय बदललं, सहामाहीला काय झालं, पाळी कधी सुरू झाली, पोट कुठल्या वाराला दुखतं, हेही लिहा. तिच्यासमोर "ही प्रत्येकाला वेगळं सांगते" असं म्हणू नका. कागद नुसता समुपदेशकाच्या हातात द्या, आणि तो दिलाय हे तिला माहीत असू द्या.